तार वळवण्याआधी संगणकावर: हेलिकल अँटेनाचे सिम्युलेशन काय सांगते आणि काय लपवते?

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना ‘आधी संगणकावर, मग भट्टीत’ ही गोष्ट नवी नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत धातू साच्यात ओतण्याआधी तो कुठे लवकर गोठेल, कुठे पोकळी राहील, हे सिम्युलेशनमध्ये पाहून घेतले जाते. ओतकाम वाया जाण्यापेक्षा संगणकाचा अर्धा तास स्वस्त पडतो.

अँटेनाचेही तसेच आहे. उपग्रहाचे संदेश पकडण्यासाठी कॉलेजच्या गच्चीवर स्प्रिंगसारखा हेलिकल अँटेना उभा करायचा असेल, तर तांब्याची तार वळवण्याआधी त्याचे रूप संगणकावर तपासता येते. त्यासाठीची काही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. अडचण पुढे येते. पुस्तकातले सूत्र एक आकडा देते, सॉफ्टवेअर दुसरा, आणि प्रत्यक्ष अँटेना कधी कधी तिसरेच वागतो. यातले खरे काय मानायचे? ते समजण्यासाठी सॉफ्टवेअर आत नेमके काय करते, हे माहीत असावे लागते.

मुळात स्प्रिंगसारखा अँटेना कशाला?

रेडिओ लहरीला एक दिशा असते. अँटेनाची दांडी उभी असेल तर लहरीतले विद्युत क्षेत्र उभे डोलते, आडवी असेल तर आडवे. लहर उभी आणि ती पकडणारी दांडी आडवी असेल, तर हाती जवळपास काहीच लागत नाही. जमिनीवरच्या दोन ठिकाणांमध्ये ही दिशा जुळवणे सोपे असते. उपग्रहाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी आड येतात. लहान उपग्रह अवकाशात गरगरत असतो, त्यामुळे त्याच्या अँटेनाची दिशा सतत बदलते. शिवाय त्याची लहर पृथ्वीभोवतीच्या आयनोस्फिअर या विद्युतभारित थरातून येते, आणि हा थर लहरीची दिशा वाटेतच पिळतो. या पिळण्याला फॅरेडे परिभ्रमण म्हणतात.

आयनोस्फिअरचा अभ्यास कोल्हापुरातही होत आला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या १.९८ मेगाहर्ट्झच्या रडारने जमिनीपासून सुमारे ६० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांची मोजमापे केली आहेत. रात्रीच्या आकाशाची मंद प्रभा टिपणाऱ्या कॅमेऱ्याने आयनोस्फिअरमधले ‘प्लाझ्मा बुडबुडे’ही पाहिले आहेत. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिथून वर उचललेले इलेक्ट्रॉन उत्तरेला आणि दक्षिणेला पसरतात. त्यामुळे महाराष्ट्राच्या माथ्यावरचा हा थर तासातासाला बदलत असतो.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘प्रथम’ या उपग्रहाने तर या पिळण्याचाच उपयोग करायचे ठरवले होते. २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ यानातून तो सोडण्यात आला. सुमारे १४६ आणि ४३७ मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी पाठवायच्या, जमिनीवर त्या किती पिळल्या ते मोजायचे आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढायचे, अशी ती योजना होती. पिळण्याचे प्रमाण वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त असते. म्हणून १४६ मेगाहर्ट्झची लहर ४३७ च्या तुलनेत जवळपास ९ पट जास्त पिळते. त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा एक किलोहूनही हलका उपग्रह अवकाशात गेला होता.

ज्यांना पीळ मोजायचा नाही, फक्त संदेश ऐकायचा आहे, त्यांच्यासाठी हेलिकल अँटेना हा उपाय आहे. तो वर्तुळाकार ध्रुवण असलेली लहर पकडतो. या लहरीचे विद्युत क्षेत्र पुढे जाताना स्क्रूसारखे फिरत असते. उपग्रहाची लहर साधी, सरळ ध्रुवणाची असेल तर हेलिकल अँटेनाला तिची निम्मीच शक्ती मिळते. पण लहर कशीही पिळली तरी ती निम्मी मिळतच राहते. सरळ दांडीला कधी पूर्ण मिळते, तर कधी शून्य. मोजक्या मिनिटांत क्षितिजावरून क्षितिजापलीकडे जाणाऱ्या उपग्रहासाठी खात्रीचे निम्मे हे बेभरवशाच्या पूर्णापेक्षा बरे.

‘हे चालत नाही’ या उत्तरातून लागलेला शोध

या अँटेनाचा शोध १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले जॉन क्राऊस यांनी लावला. एका पाहुण्या शास्त्रज्ञाचे व्याख्यान होते. त्यात एका इलेक्ट्रॉन नळीतल्या तारेच्या वेटोळ्याचा उल्लेख आला. असे वेटोळे अँटेना म्हणून वापरता येईल का, असे क्राऊस यांनी विचारले. करून पाहिले, चालत नाही, असे उत्तर मिळाले. क्राऊस यांनी घरी जाऊन तळघरात १२ सेंटिमीटर तरंगलांबीसाठी सात वेढ्यांचे वेटोळे बनवले. एका वेढ्याचा परीघ त्यांनी जवळपास एका तरंगलांबीएवढा ठेवला. वेटोळ्याच्या मोकळ्या टोकातून लहरींचा नेमका झोत निघू लागला.

यातली कळीची गोष्ट म्हणजे परीघ. वेटोळे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असेल तर ते साध्या आखूड दांडीसारखे वागते. परीघ एका तरंगलांबीच्या आसपास आला की तारेतला प्रवाह एक फेरा पूर्ण करतो, तेव्हाच लहरीचेही एक आवर्तन पूर्ण होते. मग सगळ्या वेढ्यांचे योगदान पुढच्या दिशेने एकमेकांना साथ देते आणि क्षेत्र फिरत फिरत पुढे जाते. अँटेनाच्या या वागण्याला अक्षीय अवस्था म्हणतात. परीघ तरंगलांबीच्या पाऊण ते सव्वापट असला तरी ही अवस्था टिकते, म्हणून हा अँटेना घडवणाऱ्याच्या लहानसहान चुका पोटात घालतो. क्राऊस यांनी पुढे असे ९६ हेलिक्स एकत्र लावून रेडिओ दुर्बीण उभारली. जीपीएस उपग्रहांवरही हेलिक्सचा समूह वापरला गेला.

४३७ मेगाहर्ट्झसाठी माप किती?

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. ४३७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ६८.६ सेंटिमीटर येते. परीघ तेवढाच ठेवला तर वेटोळ्याचा व्यास सुमारे २१.८ सेंटिमीटर होतो. तारेचा चढ साधारण १३ अंशांचा ठेवतात. त्या हिशेबाने दोन वेढ्यांमधले अंतर १५.८ सेंटिमीटर भरते. दहा वेढ्यांचा अँटेना जवळपास १.६ मीटर लांब होईल आणि त्याला सुमारे ७ मीटर तार लागेल. मागे परावर्तक म्हणून धातूची चकती किंवा जाळी लागते. तिचा व्यास किमान अर्धा मीटर हवा.

हाच हिशेब १.९८ मेगाहर्ट्झसाठी केला तर तरंगलांबी १५१ मीटर येते, म्हणजे एकेका वेढ्याचा व्यास ४८ मीटर! तिथे हेलिक्सचा विचारच सोडून द्यावा लागतो. याउलट २.४ गिगाहर्ट्झला व्यास फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे हातात मावणारी वस्तू.

सॉफ्टवेअर आत काय करते?

अँटेनाचे सगळे वागणे एकाच गोष्टीवर ठरते: तारेच्या कोणत्या भागात किती प्रवाह वाहतो. तो कळला की लहर कुठे किती जाईल, हे काढता येते. पण तारेच्या प्रत्येक तुकड्यातला प्रवाह इतर सगळ्या तुकड्यांवर परिणाम करतो आणि ते सगळे त्याच्यावर. ही गुंतागुंत मांडणारे समीकरण हेन्री पॉकलिंग्टन यांनी १८९७ मध्येच दिले होते. मात्र ते हाताने सोडवणे फार थोड्या आकारांसाठी शक्य होते.

संगणकाने वाट सोपी केली. तारेचे लहान लहान सरळ तुकडे करायचे, प्रत्येकातला प्रवाह अज्ञात मानायचा आणि जितके तुकडे तितकी समीकरणे एकदम सोडवायची. या पद्धतीला ‘मेथड ऑफ मोमेंट्स’ म्हणतात. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या पुस्तकाने ती अँटेनाच्या क्षेत्रात रुजवली. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेली एनईसी ही प्रणाली याच पद्धतीवर चालते. तिची एनईसी-२ ही १९८१ ची आवृत्ती सर्वांसाठी खुली आहे. ४एनईसी२, एक्सएनईसी२सी अशी मोफत सॉफ्टवेअर आजही आतून तीच वापरतात. त्या काळी माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून भरली जाई. म्हणून तिच्या फाइलमधल्या ओळीला आजही ‘कार्ड’च म्हणतात.

आपल्या अँटेनात एका वेढ्याचे २० तुकडे केले तर दहा वेढ्यांचे २०० होतात. परावर्तकाची जाळी धरून ५०० झाले असे मानू. म्हणजे ५०० अज्ञात आणि अडीच लाख आकड्यांचा तक्ता. साध्या लॅपटॉपला याला काही सेकंद पुरतात. तुकडे दुप्पट केले की समीकरणे सोडवण्याचे काम मात्र सुमारे आठपट होते.

दुसरी एक पद्धत तारेऐवजी भोवतालच्या सगळ्या जागेचे चौकोनी खोके पाडते आणि प्रत्येक खोक्यातले क्षेत्र क्षणाक्षणाने पुढे सरकवते. केन यी यांनी ती १९६६ मध्ये मांडली. ओपनईएमएस हे मोफत सॉफ्टवेअर तिच्यावर चालते. ती जास्त वेळ खाते, पण प्लास्टिक, लाकूड असे पदार्थही हिशेबात घेते. एनईसी-२ मध्ये ते जमत नाही.

आकडे कुठे फसवतात?

पहिली जागा म्हणजे तुकड्यांची संख्या. गोल वेढा सरळ तुकड्यांनी काढला की तो बहुभुज होतो, आणि वर्तुळाच्या आत बसणाऱ्या बहुभुजाची परिमिती वर्तुळाच्या परिघापेक्षा कमीच भरते. एका वेढ्याचे आठ तुकडे केले तर परीघ अडीच टक्क्यांनी घटतो. म्हणजे ४३७ मेगाहर्ट्झला जवळपास ११ मेगाहर्ट्झची चूक गणित सुरू होण्याआधीच शिरली. वीस तुकड्यांना हीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते.

मग शंभर तुकडे करावेत का? तेही नाही. एनईसी तारेला बारीक रेषा समजते, म्हणून तुकड्याची लांबी तारेच्या त्रिज्येपेक्षा बरीच मोठी असावी लागते. नेहमीच्या गणितासाठी ती किमान आठपट असावी, असे तिची पुस्तिका सांगते. तार ६ मिलिमीटर जाडीची असेल तर त्रिज्या ३ मिलिमीटर. वेढ्याचे २० तुकडे केले तर प्रत्येकाची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या पावणेबारा पट, हे चालते. ४० तुकडे केले की तीच सहापटीच्याही खाली जाते आणि उत्तर संशयास्पद होते. अधिक बारीक म्हणजे अधिक अचूक, हा समज इथे उलटा पडतो.

दुसरी जागा जमिनीची. सॉफ्टवेअरमध्ये ‘अमर्याद आदर्श जमीन’ निवडणे सोपे असते. पण मग अँटेनाच्या मागे काही शिल्लकच उरत नाही, त्यामुळे मागे सांडणारी लहर दिसत नाही. खरा परावर्तक अर्धा-पाऊण मीटरचा असतो. त्याच्या कडांवरून लहर मागे वळते आणि शहरातला गोंगाट तिकडूनच आत येतो. म्हणून परावर्तक तारांच्या जाळीने प्रत्यक्ष काढावा लागतो. तो काढताना वेटोळ्याची तार जाळीच्या तारेला टोकाला टोक जुळवून जोडावी लागते. पडद्यावर तारा एकमेकींना छेदताना दिसल्या तरी टोके जुळलेली नसतील, तर सॉफ्टवेअर त्यांना सुट्याच मानते.

तिसरी जागा आधाराची. तार पीव्हीसी पाइपवर गुंडाळली की प्लास्टिकमुळे लहर किंचित मंदावते आणि अँटेना ठरवल्यापेक्षा कमी वारंवारितेला बसतो. एनईसी-२ च्या चित्रात पाइप नसतोच. मधोमध एक दांडा आणि त्यावर बारीक आडवे आधार, अशी रचना केली तर हा फरक कमी राहतो.

चौथी जागा केबलच्या जोडणीची. हेलिक्सचा अवरोध सुमारे १४० ओहम असतो आणि नेहमीची केबल ५० ओहमची. पहिला पाव वेढा परावर्तकाच्या जवळ ठेवून किंवा त्याला रुंद पट्टी जोडून हा फरक सांधतात. ही पट्टी आणि चकती यांमधले अंतर काही मिलिमीटरचे असते. बारीक तारेच्या गणिताला तो भाग नीट पेलत नाही. तेवढा भाग प्रत्यक्ष मोजत मोजत जुळवावा लागतो.

डावे की उजवे?

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र सगळ्यात साधी आहे. उजव्या स्क्रूसारखे वळलेले वेटोळे उजवी वर्तुळाकार लहर देते, डावे वळलेले डावी. उजव्या लहरीसाठी डावा अँटेना लावला तर सिग्नल शेकडो पटींनी कमी होऊ शकतो. सॉफ्टवेअरमध्ये एका उणे चिन्हाने वेटोळे उलटते, आणि लाभ, झोत, अवरोध हे सगळे आकडे तसेच्या तसे राहतात. आलेखाकडे पाहून चूक कळत नाही. त्यासाठी उजव्या आणि डाव्या लहरीचा लाभ वेगवेगळा मागावा लागतो.

ही चूक मोठ्यांच्याही हातून झाली आहे. १० जुलै १९६२ रोजी टेलस्टार उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडे दूरचित्रवाणीचे चित्र पाठवण्याचा पहिला प्रयत्न झाला. फ्रान्समधल्या केंद्राला स्वच्छ चित्र मिळाले. इंग्लंडमधल्या गूनहिली केंद्राला मात्र पहिल्या रात्री धड चित्र मिळेना. वर्तुळाकार लहरीची दिशा कोणती म्हणायची याच्या व्याख्येत गफलत झाली होती आणि तिथला अँटेना उलट्या दिशेसाठी जुळवला गेला होता. लहर आपल्याकडे येताना पाहायची की आपल्यापासून जाताना, यावर डावे-उजवे ठरते. प्रकाशशास्त्र आणि रेडिओ अभियांत्रिकी यांची रीत परंपरेने एकमेकींच्या उलट आहे.

सूत्र आणि सॉफ्टवेअर भांडले तर?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. क्राऊस यांच्या मूळ सूत्रानुसार आपल्या दहा वेढ्यांच्या अँटेनाचा लाभ सुमारे १५.४ डेसिबल येतो. एनईसीवर हाच अँटेना नीट मांडला तर उत्तर १२ ते १३ डेसिबलच्या आसपास येते. तीन डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक. पहिल्यांदा सिम्युलेशन करणाऱ्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. मग पुस्तकाशी आकडा जुळेपर्यंत मॉडेलमध्ये फेरफार सुरू होतात.

इथे मात्र सॉफ्टवेअरचेच बरोबर आहे. क्राऊस यांनी लाभ काढताना मुख्य झोताची रुंदी धरली होती. आजूबाजूला सांडणाऱ्या लहान झोतांमध्ये जाणारी शक्ती जमेस धरली नव्हती. १९८० मध्ये एच. ई. किंग आणि जे. एल. वाँग यांनी केलेल्या मोजमापांत लाभ सूत्रापेक्षा कमी भरला. पुढे १९९० च्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॅरेल इमर्सन यांनी एनईसीवर अनेक लांबींचे हेलिक्स तपासले, तेव्हाही तेच दिसले. क्राऊस यांनीही नंतर सूत्रातला १५ हा गुणक १२ वर आणणे जास्त वास्तव मानले. जुना आकडा मात्र अजूनही अनेक ठिकाणी उतरवला जातो. त्यावर विसंबून केलेला अँटेना ऐनवेळी निम्माच सिग्नल देतो.

सूत्रात जे मावतच नाही, तेही सिम्युलेशन दाखवू शकते. २००६ मध्ये अँटोनिये जॉर्जेविच आणि सहकाऱ्यांनी परावर्तकाचे आकार बदलून पाहिले. परातीसारखी सपाट चकती, पातेल्यासारखी वाटी आणि घमेल्यासारखा वर रुंद होत जाणारा शंकू. यात घमेल्याच्या आकाराने लाभ काही डेसिबलने वाढला. सूत्रात परावर्तकाचा आकार येतच नाही. असे शेकडो आकार पत्र्यात कापून पाहणे कोणाला परवडले असते?

उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा?

तीन तपासण्या नेहमी कराव्यात. पहिली, सॉफ्टवेअरला आधी ओळखीचा अँटेना द्यावा. बारीक तारेच्या अर्ध्या तरंगलांबीच्या दांडीचा लाभ सुमारे २.१५ डेसिबल आणि अवरोध ७३ ओहमच्या आसपास यायला हवा. दुसरी, तुकड्यांची संख्या थोडी कमी-जास्त करून पाहावी. उत्तर फारसे हलता कामा नये. तिसरी, सरासरी लाभाची चाचणी. मोकळ्या जागेतल्या, तोटा नसलेल्या अँटेनाचा सगळ्या दिशांचा सरासरी लाभ १ यायला हवा. तो १.३ आला तर सॉफ्टवेअर नसलेली ऊर्जा मोजत आहे आणि त्याचा लाभाचा आकडा तितकाच फुगलेला आहे.

यानंतर तार वळवायची आणि मोजायचे. नॅनोव्हीएनएसारख्या लहान उपकरणावर अवरोध पाहता येतो. समोर काही मीटरवर एक साधी दांडी ठेवून ती गोल फिरवली आणि सिग्नल जवळपास सारखाच राहिला, तर लहर खरोखर वर्तुळाकार आहे. मोजलेला आकडा सिम्युलेशनपासून दूर असेल तर पाइप, पट्टी, चकती यांतले काय मॉडेलमध्ये आले नाही, ते आधी शोधायचे. बहुतेक वेळा फरकाचे कारण तिथेच सापडते.